‘आपल्यात असलं नसतं’



गेल्या खेपेला चातुर्मासातल्या सुक्या भाज्यांवर लिहिलं होतं. आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पण घरातलाच आहे. सुना-लेकी जवळ असतील तर त्यांनाही बोलवा. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेली गृहिणी आहे. तरी जे लिहिते आहे ते कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारून पडताळून घेता येईल.

यंदा दशलक्षण पर्वाच्या शेवटच्या दिवशी, उत्तम ब्रह्मचर्यावरचं प्रवचन आटोपून आम्ही बायका मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. एका अक्कांच्या नातसुनेला दिवस गेलेत. पहिल्या तपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्ही, कावीळ ब आणि व्हीडीआरएल असंही लिहिलेलं होतं. नातवाने मोबाइलवर बघून सांगितलं की व्हीडीआरएल म्हणजे गरमीची तपासणी. झालं! ‘सोन्यासारख्या घरातली पोर आणि तिची असली तपासणी? आपल्यात असलं नसतं,’ म्हणून लॅबमध्ये सांगून ती ओळच खोडून घेतली. ओट्यावरच्या सात-आठ जणींनी माना डोलावल्या.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. अक्कांशी नाही. मी साताऱ्याहून सून म्हणून सांगलीला आले तेव्हा पुरणपोळीची कणीक तिंबायला त्यांनीच मला शिकवली. पण हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकते आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतं तेही बघते आहे.

आधी ती खोडलेली ओळ. गरमी, म्हणजे उपदंश, लागला की सुरुवातीला एक न दुखणारी जखम येते. बाईला ती बहुधा आतल्या बाजूला येते, त्यामुळे दिसतच नाही. काही आठवड्यांत आपोआप भरते. मग कधी अंगावर, तळव्यांवर पुरळ उठतो, तोही जातो. पुढे वर्षानुवर्षं काही नाही, बाई ठणठणीत. मात्र दिवस गेले की तिच्या रक्तातला जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो. उपचार झाले नाहीत तर अशा गरोदरपणांपैकी निम्म्याहून अधिक वाईट वळण घेतात. गर्भ पडतो, बाळ पोटातच जातं, दिवस भरायच्या आत होतं, किंवा रोग घेऊनच जन्माला येतं. आणि यावरचा इलाज काय, तर पेनिसिलीनचं इंजेक्शन. लागण ताजी असेल तर एकदा, जुनी असेल किंवा कधीची ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी ते मिळालं तर बाळ बहुतेक वेळा वाचतं. आपल्या एका साडीच्या फॉल-पिकोला जेवढे पैसे जातात त्याच्या आसपासची ही तपासणी, आणि सरकारी दवाखान्यात तेवढेही लागत नाहीत.

पाचव्या, सातव्या महिन्यात बाळ पोटात गेलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. कुणाला दृष्ट लागली म्हणालो, कुणी ग्रहणात विळी हातात धरली म्हणालो. त्या सगळ्यांना गरमी होती असं मी मुळीच म्हणत नाही. बहुतेकींना नसणारच. रक्तदाब, साखर, गर्भातले दोष अशी पुष्कळ कारणं असतात. पण जे कारण रक्ताच्या चार थेंबांत कळतं आणि इंजेक्शनने जातं, तेवढं तरी आधी बाजूला काढायला नको? आणखी एक. तपासणीत ‘आहे’ असं आलं म्हणून लगेच कपाळाला हात लावू नये. व्हीडीआरएल कधी कधी दुसऱ्या आजारामुळे, क्वचित नुसत्या गरोदरपणामुळेही चुकीचं ‘आहे’ दाखवते. म्हणून टीपीएचए नावाची दुसरी तपासणी करून खात्री करतात. आक्रोश करायचाच असेल तर तो दुसरा कागद येईपर्यंत थांबावं.

यादीतल्या उरलेल्या दोन तपासण्यांचंही तसंच. एचआयव्ही असलेल्या आईवर काहीच उपचार झाले नाहीत तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईला गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि बाळालाही औषध दिलं तर हेच प्रमाण ५ च्या खाली येतं. कावीळ ब असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस लागते. जन्माच्या वेळी या काविळीची लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊंमध्ये ती कायमची राहते आणि मोठेपणी यकृत खाते. आणि ही कावीळ काय फक्त संबंधातून येते? ती आईकडून मुलाला येते, रक्तातून येते, न उकळलेल्या सुईतून येते. कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा करायला ही यादी केलेली नाही. बाळाला काय द्यायचं हे आधी कळावं एवढ्यासाठी ती आहे.

आता ज्यांच्याकडे पाळणा हललाच नाही त्यांच्याविषयी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे आपला अन्याय जास्त आहे.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते, वीतभरही लांब नाही. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची गाठ पडते ती गर्भाशयात नाही, या नळीत. नळीला आतून बारीक लव असते आणि ती तयार झालेला गर्भ हळूहळू गर्भाशयाकडे सरकवते. परमा, ज्याला डॉक्टर गोनोरिया म्हणतात, आणि क्लॅमिडिया हे दोन जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी मुक्काम करतात आणि उपचार झाला नाही तर वर चढतात. नळ्यांना सूज येते, आतली लव मरते, जखम भरताना नळी चिकटते. परम्याने पुरुषाला बहुधा जळजळ होते, पू येतो, म्हणजे त्याला कळतं तरी. बाईला बऱ्याचदा काहीच कळत नाही. क्लॅमिडिया तर त्याहून मुका. झालंच तर ओटीपोटात दुखणं, अंगावरून पिवळं जाणं, दोन पाळ्यांच्या मधे डाग पडणं, संबंधाच्या वेळी कळ येणं. आणि या सगळ्यावर आपल्या घरात एकच उत्तर असतं, ‘उष्णता झाली असेल, सब्जा घे.’

नळी पूर्ण बंद झाली तर दिवस राहत नाहीत. अर्धवट चिकटली तर त्याहून धोका, कारण गर्भ नळीतच अडकतो, तिथेच वाढतो आणि नळी फुटते. पाळी चुकलेली, एका बाजूला जोराची कळ, चक्कर, अंधारी आली तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. पोटात रक्तस्राव होऊन बाई काही तासांत जाऊ शकते.

स्वीडनमध्ये लुंड या गावी डॉक्टर वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळ्यांना सूज आलेल्या बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि १९९२ मध्ये हिशेब मांडला. सूज एकदा आलेल्या १०० जणींपैकी ८ जणींना नळ्या खराब झाल्यामुळे मूल झालं नाही. दोनदा आलेल्यांत हा आकडा सुमारे २० झाला आणि तीनदा किंवा जास्त वेळा आलेल्यांत ४०. मी कॉमर्सची, मला हे चक्रवाढ व्याज लगेच दिसलं. पहिल्या वेळेला दहा-चौदा दिवसांची औषधं पूर्ण घेतली तर पुढचं व्याज बरंचसं टळतं. पण पुन्हा पुन्हा सूज का येते? कारण बायको औषध घेते आणि नवरा घेत नाही. तिला बरं करून आपण तिला पुन्हा त्याच जंतूकडे पाठवतो.

इथे एक सावधगिरी. बंद नळी दिसली की लगेच नवऱ्याची कॉलर धरायची नाही. आपल्या देशात क्षयरोगानेही नळ्या बंद होतात, आणि तो हवेतून येतो. पूर्वीचं अपेंडिक्स फुटणं, न धुतलेल्या हातांनी झालेला गर्भपात, एंडोमेट्रिऑसिस, यांनीही होतात. अंगावरून पांढरं जाण्याची कितीतरी कारणं संबंधांशी निगडित नसतात, थोडंफार पांढरं जाणं तर आजारच नव्हे. मला संशयाचं घर नको आहे. मला दोघांचे रिपोर्ट हवे आहेत.

कारण आपल्याकडे काय होतं बघा. लग्नाला दोन वर्षं झाली की सुनेची फाइल सुरू होते. सोनोग्राफी, संप्रेरकांच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, मग दुर्बीण. मांडीएवढी जाड फाइल घेऊन ती मिरजेच्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढते. जोडीला रोहिणीचे उपवास, हुमच्याच्या पद्मावतीची ओटी. मुलाचं काय? त्याची वीर्यतपासणीसुद्धा झालेली नसते. ‘त्याला काय धाड भरली आहे, चांगला धट्टाकट्टा आहे.’ मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीने. परमा आणि क्लॅमिडिया पुरुषाच्या वीर्यवाहिन्यांनाही सूज आणून त्या बंद करू शकतात. जमा-नावे दोन्ही बाजू न मांडता ताळेबंद जुळवायला निघालेला कारकून मी अजून पाहिला नाही, पण सासवा पाहिल्या आहेत.

माझ्या नात्यातली एक मुलगी सातारा जिल्ह्यात दिली आहे. सहा वर्षं मूल नाही. पाच डॉक्टर झाले, सगळ्या तपासण्या तिच्या. सहाव्या बाईंनी नवऱ्याला एकट्याला आत बोलावलं आणि शांतपणे विचारलं. लग्नाआधी नोकरीला बाहेरगावी असताना त्याला लघवीला जळजळ होऊन पू गेला होता. मेडिकलवाल्या मित्राने चार गोळ्या दिल्या, जळजळ थांबली, विषय संपला. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिला ताप येऊन ओटीपोटात दुखलं तेव्हा कावीळ समजून पथ्य केलं. डॉक्टर म्हणाल्या, याचमुळे नळ्या गेल्या हे आता कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही, पण हे पाच वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिची एक नळी पूर्ण गेली आहे, दुसरी चिंचोळी. ती अजूनही दर महिन्याला वाट बघते. नवरा वाईट नाही हो. त्याने हे आईसमोर कधी सांगितलं नसतं, आणि प्रत्येक दवाखान्यात सोबत आईच असायची.

हे एका घरापुरतं म्हणाल तर मोजलेले आकडे आहेत. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यात, म्हणजे साताऱ्याहून दोन तासांवर, गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, बहुतेक तुमच्या-माझ्यासारख्या संसारी. त्यांच्यातही १०० मागे तेरा-चौदा जणींना एचआयव्ही निघाला. त्या बहुतेकींच्या आयुष्यात एकच पुरुष आला होता, कुंकवाचा धनी. मूळ निबंध १९९७ साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि त्याच्या मथळ्यातच एकनिष्ठ विवाहित स्त्रिया हे शब्द आहेत. आधीच आजार घेऊन दवाखान्यात आलेल्या बायकांचे हे आकडे आहेत, सगळ्या घरांचे नाहीत, आणि त्यानंतर आपल्याकडे एचआयव्ही बराच कमी झाला आहे. पण ‘मी सरळ आहे म्हणजे मला काही होणार नाही’ हा हिशेब तिथेच चुकीचा ठरला.

त्याच्याही आधी, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या अंगावर काढत होत्या. गडचिरोली लांब आहे, जंगलातलं आहे, म्हणू नका. आपल्याकडच्या किती जणींनी बाळंतपण सोडून कधी आतून तपासून घेतलंय, हे मनाशी मोजा.

आणि आपल्या सांगलीचं सांगू? १९९२ मध्ये मीना सेषू यांनी इथे ‘संग्राम’ संस्था सुरू केली, गोकुळनगरच्या धंद्यातल्या बायकांना बरोबर घेऊन. चार वर्षांनी त्या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. त्या बायका आपापसांत निरोध वाटत होत्या, गिऱ्हाइकाला ‘नाही तर चालता हो’ म्हणत होत्या, एकमेकींना दवाखान्यात नेत होत्या. गावात त्यांच्याकडे बोट दाखवून ‘रोग तिथे आहे’ असं म्हणणं सोपं होतं. पण तिथून निघणारा माणूस आपल्याच एखाद्या गल्लीत घरी येतो, आणि घरातल्या बाईला ‘नाही’ म्हणायची सोय नसते. नवऱ्याला निरोध वापरा म्हणाली तर उलट तिच्यावरच संशय. हे वाचून काही जणी नाक मुरडतील. मुरडा, पण पुढे वाचा.

या बाबतीत मराठीत लिहिणंही सोपं नव्हतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. म्हणजे शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून लॅबच्या कागदावरची ओळ खोडतो आहोत.

धर्माचं म्हणाल तर मला तिथेही भांडायचं आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या चौथ्या अणुव्रताची दोन नावं येतात, परदारनिवृत्ती आणि स्वदारसंतोष. शब्द नीट बघा. ‘दारा’ म्हणजे पत्नी. हे व्रत कुणाला सांगितलं आहे? पुरुषाला. मग आपल्या घरांत शील सांभाळायची, मान खाली घालून चालायची, रात्री सातच्या आत घरात यायची जबाबदारी कुणावर आली? मुलगा शिकायला, नोकरीला, व्यापाराच्या वसुलीला परगावी जातो तेव्हा आपण त्याच्या डब्यात कांदा-लसूण नको, रात्री जेवू नको, बटाटा टाळ एवढं सगळं सांगतो. चौथं अणुव्रत मात्र डब्यात भरायचं राहतं. लाज वाटते म्हणे. उत्तम ब्रह्मचर्यावर तासभर प्रवचन ऐकताना नाही वाटत?

दुसरा एक आक्षेप मी आपल्यातल्याच एका तपस्वी बाईंकडून ऐकला. पेनिसिलीनसारख्या औषधाने असंख्य जीव मरतात, मग ही हिंसा नाही का? प्रश्न खरा आहे, थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पण आपल्याकडे हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे भेद केले आहेत, आणि गृहस्थाला पूर्ण सोडायला सांगितली आहे ती संकल्पी, जाणूनबुजून मारण्याच्या इच्छेने केलेली. चूल पेटवतानाही जीव जातात, म्हणून आपण लेकरांना उपाशी ठेवत नाही. टायफॉइडला आपण प्रतिजैविकं घेतोच, तेव्हा कुणाला प्रश्न पडत नाही. मग पोटातलं पंचेंद्रिय बाळ वाचवतानाच तो का पडावा? मला वाटतं, तिथे आड येते ती अहिंसा नाही, लोकलाज आहे. आणि आपल्यामुळे दुसऱ्याला रोग लागू शकतो हे माहीत असून गप्प राहणं कुठल्या रकान्यात बसतं, हे महाराजांना विचारायला माझी हरकत नाही.

आता करायचं काय. लग्न जमवताना आपण गोत्र, शिक्षण, बागायत किती एकर, सगळं विचारतो. तिथेच दोघांच्या एचआयव्ही, कावीळ ब आणि व्हीडीआरएल या तपासण्या मागाव्यात. दोघांच्या, आणि आधी मुलाकडच्यांनी स्वतःहून पुढे कराव्यात. वरमाय पुढे झाली की वधूमायला बोलायला जड जात नाही. मी माझ्या भाच्याच्या वेळी हे केलं. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही, मग व्याह्यांचा फोन आला की बरं झालं तुम्हीच विषय काढलात.

दिवस गेल्यावर यादीतली एकही ओळ खोडू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने या आजारांची वेगळी खोली असते. सल्ला आणि औषध दोन्ही फुकट, नवऱ्यालाही. सिव्हिलमध्ये ओळखीचं कुणी भेटेल ही भीती सांगलीकराला साताऱ्यात आणि सातारकराला सांगलीत वाटायचं कारण नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल बाहेर फोडता येत नाही. १०९७ वर फोन केला तर नाव न सांगता विचारता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि डॉक्टरांसमोर तोंडातून शब्द फुटत नसेल, तर हे एका चिठ्ठीवर लिहून न्या आणि टेबलावर सरकवा: ‘मला अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं. संसर्गाची तपासणी हवी आहे. माझ्या नवऱ्याचीही करायची आहे, त्यांना वेगळं बोलावून विचारा. औषध दोघांना लिहून द्या, आणि कोर्स संपेपर्यंत किती दिवस संबंध टाळायचे ते त्यांना तुम्हीच सांगा.’